शिक्क्याचा नमस्कार

दवाखान्यातल्या बाईंनी माझ्या हातात पॅड दिलं. त्यावर फॉर्म, आणि पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन. म्हणजे जपानातसुद्धा पेनं पळवतात, हे पाहून मला उगीचच बरं वाटलं. नाव, पत्ता, चालू असलेली औषधं, आधीची आजारपणं, सगळं भराभरा लिहीत गेले आणि शेवटून दुसऱ्या प्रश्नाशी अडकले. ‘हा त्रास पहिल्यांदा कधी झाला?’

तसं उत्तर सोपं होतं. गेल्या मंगळवारी. फुनाबोरी स्टेशनच्या जिन्यावर मला सलग नऊ शिंका आल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि शेजारून चाललेल्या एका आजोबांनी न थांबता, माझ्याकडे न बघता टिशूचं एक पाकीट माझ्या हातात कोंबलं. फेब्रुवारी संपत आला की लांबच्या डोंगरांवरच्या सीडरच्या झाडांचे पराग वाऱ्यावर सुटतात आणि अख्खं टोकियो नाक पुसायला लागतं. काफुन म्हणतात इथे त्याला. अकरा वर्षं मी या शिंकणाऱ्या गर्दीतून ताठ मानेनं फिरले. “आम्ही पुण्याच्या धुळीवर वाढलेली माणसं, आम्हाला काय होतंय!” असं ऑफिसात दरवर्षी ऐकवायचे. उतरला यंदा माज.

पण पेन थांबलं ते वेगळ्याच कारणानं. या दिवसांची हवा नाकात शिरली की मला एकच मार्च आठवतो, चार वर्षांपूर्वीचा. कोतो वॉर्डातल्या बाजारगल्लीतलं आमच्या मोबाईल कंपनीचं काउंटर, काचेवर पिवळसर धूळ, प्रत्येकाच्या टेबलाखाली टिशूंनी भरलेली टोपली, आणि मास्कच्या वर लालभडक डोळे. सगळ्यांचेच डोळे लाल, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नुसतंच शिंकतंय, कळायला काही मार्ग नसायचा. त्या मार्चमध्ये ती आमची फार मोठी सोय होती.

मी टेलिफोनवाल्याची मुलगी. बाबांची सगळी नोकरी साताऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये गेली. आमच्या गल्लीत पहिला फोन आमच्याकडे, आणि संध्याकाळी शेजारपाजारचे लोक दिवाणखान्यात आपापल्या कॉलची वाट बघत पोहे खात बसलेले. लग्नानंतर निखिलच्या मागे टोकियोत आले तेव्हा दोन वर्षं घरीच होते. निखिल बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी सातला घराबाहेर. मी पुण्यात जॅपनीजच्या परीक्षा दिल्या होत्या त्या इथे भाजीवाल्याशी बोलण्यापुरत्या उपयोगी पडत होत्या. मग एका छोट्या मोबाईल कंपनीला परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजी-हिंदीत बोलणारं माणूस हवंय असं कळलं. मला घेतल्याचं पत्र आलं तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, “म्हणजे खात्यातच लागलीस की गं!” त्यांच्या दृष्टीनं जगात टेलिफोन हे एकच खातं होतं, आणि मी फक्त बदली होऊन जपानला आले होते.

काउंटरवर आम्ही तिघं. मी, अर्धवेळ काम करणाऱ्या साकाई-सान, आणि आमचे शाखाप्रमुख मोरिता-सान, सान म्हणजे आपलं जी. मोरिता-सान तेव्हा अठ्ठावन्नचे. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. कंपनी सुरू झाली तेव्हापासून ते तिथे होते. काफुनचा त्रास त्यांच्याइतका मी कुणाचा पाहिला नाही. नेहमी तीन शिंका, आणि तिसऱ्या शिंकेनंतर समोर गिऱ्हाईक असो, टपालवाला असो, त्याची मान लववून माफी. त्यांनीच मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, “बापात-सान, प्रत्येकाच्या आत एक पेला असतो. दरवर्षी त्यात थोडे थोडे पराग साठतात. पेला भरून वाहिला की त्या वर्षापासून शिंका. तुमचा अजून रिकामा आहे.” त्यांच्या तोंडून बापट नीट निघत नसे. मी पाच वर्षं बापात-सान होते, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

शिक्क्याची गोष्ट त्याच पहिल्या वर्षातली. इथे सहीऐवजी हांको, म्हणजे आपल्या नावाचा बोटाएवढा शिक्का. माझा मी हौसेनं करून घेतला, गोल, त्यात माझं आडनाव जपानी अक्षरांत. पहिला कागद आला तो कसला, तर पंख्याच्या दुरुस्तीचा. कागदाच्या वरच्या बाजूला पाच चौकटी ओळीनं. सगळ्यात उजवीकडची माझी, तिच्या डावीकडे मोरिता-सानची, मग विभागप्रमुखांची, मग संचालकांची, आणि सगळ्यात डावीकडे शाच्योंची, म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांची. मी शाईच्या गादीवर शिक्का टेकवला, जीभ दातांत धरून अगदी मधोमध, ओळंब्यात धरल्यासारखा सरळ उठवला आणि खुशीत मान वर केली. साकाई-साननी दातांमधून श्वास आत ओढला. जपानी माणूस असा श्वास ओढतो तेव्हा समजावं, काहीतरी घोटाळा झालाय.

मोरिता-सान हसले. त्यांनी कपाटातून जुने कागद काढून माझ्यासमोर पसरले. बघते तर काय, सगळे शिक्के डावीकडे कलते! खालच्या माणसाचा वरच्याकडे, त्याचा त्याच्या वरच्याकडे. फक्त शाच्योंचा तेवढा सरळ उभा.

“शिक्का वाकून नमस्कार करतोय,” ते म्हणाले. “तुमचा नुसताच उभा राहिलाय.”

“हा नियम आहे?”

“छे, कुठेच लिहिलेला नाही. आमच्या कंपनीत जुन्या लोकांना आवडतं, इतकंच. तुम्हाला कुणी सांगणार नाही आणि मनात मात्र ठेवतील. म्हणून मी सांगितलं.”

त्या संध्याकाळी निखिलला सांगितलं तर तो हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी. “अगं म्हणजे शिक्क्यानंसुद्धा पाया पडायचं?” मी मात्र जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सराव केला. कमी कलला तर हात चुकल्यासारखा दिसतो, जास्त कलला तर शिक्का चक्कर येऊन पडल्यासारखा. आमची इरा तेव्हा एवढीशी होती. तिनं तोच शिक्का घेऊन कॅलेंडर, भिंत आणि स्वतःचं पोट भरून टाकलं. लहानपणी लग्नकार्यात आई “नमस्कार कर, नमस्कार कर” म्हणून मागे लागायची तेव्हा मी खांबामागे लपायचे. आता परक्या देशात एका मोबाईल कंपनीसाठी मी नमस्काराचा कोन साधत बसले होते. हसू येत होतं, पण मोरिता-सानकडे वाकायला मला कमीपणा काही वाटत नव्हता. ते माणूसच तसं होतं.

कंपनीचं मात्र काही खरं नव्हतं. मोठ्या कंपन्यांपुढे आमचा टिकाव लागत नव्हता, गिऱ्हाइकं गळत होती, शाखा एकेक करून बंद होत होत्या. अशात नवे शाच्यो आले, बाहेरून आणलेले. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही फोन विकला नव्हता. बुडत्या कंपन्या वाचवणं हा त्यांचा धंदा होता म्हणे. दर सोमवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ यायचा. पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून, बाह्या दुमडून ते म्हणायचे, “आपण सगळे एकाच होडीत आहोत.” आम्ही तिघं शटर अर्धं वर करून, उभ्यानं तो ऐकायचो. साकाई-सान हळूच म्हणायच्या, “हो, पण वल्ही कुणाच्या हातात आहेत?”

मग एक निनावी पाहणी आली. ‘मनातलं मोकळेपणानं लिहा.’ पहिल्याच रकान्यात कर्मचारी क्रमांक! मी चिडून तीन पानं लिहिली. ॲप चालत नाही, फोन-मदत बंद केलीत म्हणून सगळी म्हातारी माणसं आमच्याकडे रडत येतात, वर्षभरात मुख्य ऑफिसातलं एकही माणूस काउंटरवर फिरकलेलं नाही, सगळं लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं. मौल्यवान मतांबद्दल आभार, आणि सोबत हसऱ्या चेहऱ्याचं एक स्टिकर, काउंटरवर लावण्यासाठी. डोंबल तुमचं! मी ते स्टिकर टिशूंच्या टोपलीला लावलं. मोरिता-साननी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

सगळ्यात कहर म्हणजे खुर्च्या. काउंटरसमोर गिऱ्हाइकांसाठी दोन लाकडी खुर्च्या होत्या, हिरव्या बैठकीच्या. फतवा निघाला की त्या काढा. बसायला मिळालं की माणसं जास्त वेळ घेतात. मी तो ईमेल दोनदा वाचला. ज्यांच्याकडे अजून घडीचे फोन होते अशी पंचाहत्तरीची, ऐंशीची माणसं आमच्याकडे येत, आणि त्यांना म्हणे उभं ठेवा. मोरिता-साननी शांतपणे उत्तर टंकलं: ‘खुर्च्यांबाबत विचार चालू आहे.’ पंधरा दिवसांनी विचारणा आली. पुन्हा तेच: ‘विचार चालू आहे.’ इथे राहून मी जे शिकले त्यात हे सगळ्यात वरचं. जपानी माणूस कामाच्या ठिकाणी ‘विचार चालू आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘नाही’. आणि गंमत अशी की नाही म्हटल्याचा दोष कुणालाच देता येत नाही. खुर्च्या शेवटपर्यंत तिथेच राहिल्या.

त्यातली डावीकडची खुर्ची ओनो आजींची. दर गुरुवारी अकराला त्या यायच्या. पाठीतून पुढे झुकलेल्या, हातात चाकांची पिशवी, पिशवीत आमच्यासाठी तीन संत्री. फोनमध्ये बिघाड काहीच नसायचा. “हा आज जरा गप्प गप्प आहे,” असं म्हणून त्या फोन पुढे सरकवायच्या. मोरिता-सान तो दोन्ही हातांनी घ्यायचे, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून मागचं झाकण उघडायचे, बॅटरी फडक्यानं पुसून परत बसवायचे आणि स्वतःच्या फोनवरून त्यांना रिंग द्यायचे. फोन वाजला की आजींचा चेहरा असा खुलायचा! मग त्या उचलायच्या आणि समोर दोन हात अंतरावर बसलेल्या माणसाशी फोनवर बोलायच्या. “मोशी मोशी, ओनो बोलतेय.” “मोशी मोशी, मोरिता बोलतोय. हवा कशी आहे?” हे संभाषण दोन-तीन मिनिटं चालायचं. नव्या शाच्योंच्या तक्त्यात या वेळेला ‘निष्फळ’ असा रकाना होता.

मला राग यायचा. नुसता राग नाही, संताप. मुख्य ऑफिसवर तर यायचाच, पण कधी कधी मोरिता-सानवरही. हे का बोलत नाहीत? इतकी वर्षं काढलेला माणूस, एकदा उठून सोमवारच्या मीटिंगमध्ये दोन शब्द खडसावून का सांगत नाही? निखिलपुढे मी धुसफुस करायचे. तो जेवता जेवता म्हणायचा, “सोड ना ती नोकरी. तुला काय पडलंय?” आता याला काय सांगायचं? मला पडलं होतं. मला ओनो आजींचं पडलं होतं, आणि शिंकून माफी मागणाऱ्या त्या उंच माणसाचं पडलं होतं.

आणि मग त्या मार्चमध्ये तो कागद आला.

इथे कंपन्यांत कुठलाही निर्णय वरून खाली येत नाही, निदान कागदावर तरी. खालचा माणूस प्रस्ताव मांडतो, शिक्का मारतो, मग कागद एकेक पायरी चढत शाच्योंपर्यंत जातो. याला रिंगी म्हणतात. ऐकायला किती छान! खालच्यांचं म्हणणं वर पोचतं. पण वरच्यांच्या मनात काय आहे ते आधीच ठरलेलं असलं, की तोच प्रस्ताव खालच्याला मांडायला लावतात. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर हात वर करून म्हणायला मोकळे, “आम्ही नाही, शाखेनंच मागणी केली.” आमचं काउंटर महिनाअखेर बंद करायचं होतं, आणि ते बंद करा अशी विनंती आम्हीच करायची होती. मुख्य ऑफिसचा ईमेल होता: ‘तुमच्या स्वतःच्या शब्दांत लिहावे.’ खाली ते शब्द जोडलेले होते.

साकाई-सान अर्धवेळ, त्यांना शिक्का नाही. प्रस्ताव मांडणारी म्हणून उजवीकडची पहिली चौकट माझी. मोरिता-साननी दुपारी गिऱ्हाईक नसताना मला समोर बसवलं, ओनो आजींच्या खुर्चीत. बाहेर बाजारगल्लीत मासळीवाला ओरडत होता, दारातून वारा आत येत होता, आणि ते डोळे पुसत होते.

“मी नाही मारणार शिक्का,” मी म्हटलं. “त्यांना बंद करायचंय ना, मग त्यांनी करावं. आपण का आपल्या तोंडानं मागायचं? ‘ग्राहकांची गरज संपल्यामुळे’ असं लिहिलंय यात. उद्या गुरुवार आहे. ओनो-साननाच विचारा ना, गरज संपली का ते!”

ते ऐकत राहिले. तीन शिंका आल्या. मान लववून त्यांनी माझी माफी मागितली, आणि मला अजून कळत नाही की ती शिंकांबद्दल होती की कशाबद्दल.

“बापात-सान, हा कागद गेला नाही तरी काउंटर बंद होणार. पण कागद आपल्याकडून गेला तर माणसांची सोय आपण सुचवायची असते. साकाई-सानना कंपनीच्या फुनाबोरीच्या दुकानात जागा मिळेल. त्यांची आई तिथेच जवळ राहते, आजारी असते. तुम्हाला मुख्य ऑफिसात, परदेशी ग्राहकांच्या फोनवर. मी बोललोय. लेखी घेतलंय.”

म्हणजे बोलले होते तर. खडसावून नाही, आरडाओरडा करून नाही. आमच्यासाठी बोलले होते.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “विचार चालू आहे,” ते म्हणाले.

मी पाच वर्षं त्या काउंटरवर काढली होती. मला अर्थ सांगायची गरज नव्हती.

घरी जाताना स्टेशनपर्यंत चालत गेले आणि बाबांना फोन लावला. साताऱ्यात ते दुपारची झोप काढून चहा घेत होते. सगळं सांगितलं. बाबा एरवी मध्ये मध्ये फार बोलतात, पण त्या दिवशी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुझे साहेब काय म्हणतात?”

“म्हणतात मारा.”

“मग मार बाळ. त्यांनी तुमच्यासाठी जे मिळवलंय ते वाया घालवू नकोस.” मग म्हणाले, “एक कर मात्र. ते शिक्का मारतील तेव्हा तू तिथे थांबू नकोस. एक्स्चेंजमधली जुनी यंत्रं भंगारात काढली ना, त्या कागदावर माझी सही होती, घरी आणून केलेली. तुझ्या आईलासुद्धा मी तेव्हा खोलीत थांबू दिलं नव्हतं.”

हे मला बाबांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी फुनाबोरीच्या घरी पोचेपर्यंत साताऱ्याचं ते एक्स्चेंज, त्याचा तो खडखडाट, तेलाचा वास, सगळं माझ्याबरोबर चालत होतं. इरानं दार उघडून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जपानीत विचारलं, “आई, काफुन?” मी म्हटलं, “नाही गं, भूक लागलीये.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार. ओनो आजी आल्या, फोन वाजला, हवेबद्दल बोलणं झालं. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. त्या गेल्यावर मी कागद पुढे ओढला. शाईची गादी उघडली. पाच वर्षांत माझा हात इतका बसला होता की शिक्का आपोआप डावीकडे कलू पाहत होता. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. कुठे, कुणाकडे वाकायचं? डावीकडे शेवटी त्या पांढऱ्या भिंतीसमोरच्या माणसाची चौकट होती. मी शिक्का सरळ उठवला, अगदी पहिल्या दिवशीसारखा, ओळंब्यात. तेव्हा चुकून मारला होता, आता समजून उमजून. एवढीच माझी बंडखोरी! हसावं की रडावं अशी. कागद मोरिता-सानच्या टेबलावर ठेवला. त्यांची नजर शिक्क्यावर गेली, मला ती जाताना दिसली. “मी जरा टपाल टाकून येते,” म्हणून मी बाहेर पडले. टाकायला माझ्याकडे टपाल नव्हतं. बाजारगल्ली मी दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, एका दुकानात उगीच मुळ्यांच्या पेंढ्या निरखल्या, आणि परत आले तेव्हा कागद पाकिटात गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेच्या फाईलसाठी त्याची प्रत काढायचं काम माझ्याकडे होतं. पाकीट उघडून कागद मशीनच्या काचेवर ठेवला, झाकण लावायला गेले आणि हात तसाच राहिला.

उजवीकडच्या चौकटीत माझा शिक्का, ताठ. त्याच्या डावीकडे मोरिता-सानचा. तो कलता होता. पण डावीकडे नाही, शाच्योंच्या बाजूला नाही. उजवीकडे. माझ्याकडे. तीसहून जास्त वर्षं ज्या माणसाचा शिक्का एका दिशेला वाकत आला, त्या माणसानं तो उलट फिरवून सगळ्यात खालच्या चौकटीला नमस्कार केला होता. आणि नुसता जरासा नाही. इथे मनापासून माफी मागताना कमरेतून वाकतात तितका.

हात चुकला असेल, असं कुणी म्हणेल. नाही. त्या माणसाचा हात चुकत नव्हता.

मी कॉपी मशीनचं झाकण लावलं, बटण दाबलं, आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. डोळ्यांना धार लागली होती, थांबेना. साकाई-सान आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अरेरे, बापात-सान, शेवटी तुम्हालाही काफुन?”

“हो,” मी म्हटलं. “काफुन.”

त्यांनी टिशूचा अख्खा डबा माझ्या हातात दिला. बाहेर तीन शिंका ऐकू आल्या, मग एक “माफ करा.” कुणाला उद्देशून, देव जाणे, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

मुख्य ऑफिसातून कागद मंजूर होऊन आला. माझा ताठ शिक्का, मोरिता-सानचा उलटा शिक्का, कुणाच्याही लक्षात आलं नाही. शाच्योंच्या चौकटीत तर संगणकातून उमटवलेला शिक्का होता. ते बाहेरून आलेले, शिक्के नमस्कार करतात हे त्यांच्या गावीही नसेल. मी रात्रंदिवस ज्यांच्यावर जळफळत होते त्यांना आमचा राग पोचलाच नव्हता, आणि आमचा नमस्कारसुद्धा कधी पोचला नव्हता. पुढे वर्षभरात एका मोठ्या कंपनीनं आमची कंपनी गिळली आणि शाच्यो पुढची होडी वाचवायला निघून गेले.

शेवटच्या दिवशी इथे जाणारा माणूस सगळ्यांना खाऊ वाटतो, प्रत्येक तुकडा वेगळ्या वेष्टनात. पाडवा जवळ आला होता म्हणून मी शंकरपाळे केले आणि साकाई-सानच्या सल्ल्यानं पाच-पाचच्या चिमुकल्या पुड्या बांधल्या. आयुष्यात शंकरपाळे मोजून दिले नव्हते, आईला कळलं असतं तर घरात घेतलं नसतं. मोरिता-साननी एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, “हा फार सरळ पदार्थ आहे.” मग त्यांना शिंका आल्या, आणि पिठीसाखर टेबलभर.

ओनो आजी त्या दिवशी गुरुवार नसूनही आल्या होत्या. फोन वाजला, त्यांनी उचलला. “मोशी मोशी, ओनो बोलतेय.” “मोशी मोशी. मोरिता बोलतोय. ओनो-सान, खुर्ची घेऊन जाता का?” मग तो उंच माणूस हिरव्या बैठकीची खुर्ची डोक्याच्या वर उचलून बाजारगल्लीतून निघाला, पुढे चाकांची पिशवी ओढत ओनो आजी. त्या फार हळू चालतात, तो त्यांच्याहून हळू चालत होता. मासळीवाला ओरडायचा थांबला. दुसरी खुर्ची माझ्याकडे आली. आमच्या दारात असते ती. इरा आता दहा वर्षांची आहे, रोज सकाळी तिच्यावर बसून बूट घालते आणि उशीर झाला म्हणून माझ्यावरच ओरडते.

मोरिता-साननी त्या महिन्यात नोकरी सोडली. आता ते चिबाकडे भावाच्या शेतात कांद्याची पात लावतात. दर नव्या वर्षाला पत्र येतं, खाली हांको, नेहमी सरळ. त्या शिक्क्याबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी विषय काढला नाही. काय विचारणार? नमस्कार दिसला, एवढं कळवायचं राहून गेलं मात्र. दरवर्षी पत्र लिहायला बसते, हवेबद्दल लिहिते, इराबद्दल लिहिते आणि पाकीट बंद करते.

दवाखान्यातल्या बाईंनी माझं नाव पुकारलं. मी घाईघाईनं त्या रिकाम्या जागेत लिहिलं आणि आत गेले. डॉक्टर म्हातारे, त्यांचेही डोळे लाल. त्यांनी माझं नाक बघितलं, फॉर्म बघितला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“चार वर्षांपूर्वी, मार्च. इतक्या आधी सुरू झालं, मग तेव्हाच का नाही आलात?”

“तेव्हा एका सकाळपुरतंच झालं होतं, डॉक्टर.”

“असं होत नाही,” ते म्हणाले, आणि गोळ्या लिहायला लागले. “पेला हळूहळू भरतो.”

खालच्या औषधांच्या दुकानात गोळ्या घेतल्या आणि शेजारच्या टपाल कचेरीत शिरून एक पोस्टकार्ड मागितलं. नव्या वर्षाला अजून दहा महिने होते. तिथल्याच उंच टेबलाशी उभी राहून पत्ता लिहिला, चिबाचा. खाली एकच ओळ: ‘मोरिता-सान, माझा पेला भरला.’ मग पर्समधून हांको काढला, शाई लावली आणि त्या ओळीखाली उठवला, कमरेतून वाकलेला, त्यांच्या नावाच्या दिशेनं. शाई वाळेपर्यंत थांबले. तेवढ्यात मला शिंका आल्या, एक, दोन, तीन, आणि रांगेतल्या सगळ्या लोकांची मी मान लववून माफी मागितली.